फ्लिंटस्टोन्सचं बेडरॉक आणि आपली नवी मुंबई

नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्कवर फ्रेड फ्लिंटस्टोनचं 'याबा डाबा डू' ऐकत मोठे झालेल्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी! 🦕

2016 मध्ये डीसी कॉमिक्सने अश्मयुगातल्या कुटुंबाचं ते कार्टून, 'द फ्लिंटस्टोन्स', कॉमिक म्हणून नव्याने आणलं, 12 अंकांत. लेखक मार्क रसेल, चित्रकार स्टीव्ह प्यू. यातले फ्रेड आणि त्याचा शेजारी मित्र बार्नी माजी सैनिक आहेत. बेडरॉक शहर उभं राहिलंय ते झाडांवर राहणाऱ्या लोकांना संपवून, आणि त्या युद्धात हे दोघेही लढलेत! घरकामाला जुंपलेले प्राणी मालकांची पाठ वळली की सुखदुःख बोलतात. हसता हसता घशात आवंढा येतो.

नेरुळ-वाशीत राहून हे वाचताना जास्तच टोचतं. इथे तसा संहार झाला नाही, पण आपलं शहरही 95 गावांच्या जमिनीवर उभं आहे. त्या जमिनींच्या भरपाईसाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली 1984 मध्ये जासईला आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला.

लाडक्या पात्रांचं असं विडंबन जुनंच आहे. 'मॅड' या अमेरिकी विनोदी कॉमिकने 1955 मध्ये डिस्नेच्या मिकी माऊसला 'मिकी रोडंट' केलं होतं. मिकीचंच विडंबन करणाऱ्या 1971 च्या 'एअर पायरेट्स' या कॉमिकवर मात्र डिस्नेने खटला भरला आणि जिंकलाही. फ्लिंटस्टोन्सला ती भीती नव्हती, कारण पात्रांचे हक्क डीसीच्याच मालक कंपनीकडे, वॉर्नरकडे, होते.

फ्लिंटस्टोन्सचं हे कॉमिक मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा. आणि सांगा, मराठीत असं विडंबन कोणत्या पात्राचं व्हावं? 👇

#कॉमिक्स #नवीमुंबई