आजीचे मराठी, नातवाचे हिंदी

आजी विचारते, “बाळ, जेवलास का?” आणि नातू खेळता खेळता उत्तर देतो, “हाँ, खा लिया.” इंदूर-ग्वाल्हेरकडील कितीतरी मराठी घरांतून हा संवाद रोज ऐकू येतो. मुलाला मराठी समजते, एवढ्यावर आपण समाधान मानतो. परंतु समजणे आणि बोलणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोन भाषा कानांवर पडल्या की मूल गोंधळते, उशिरा बोलू लागते, ही समजूत जुनी आहे. तिला आधार नाही. द्विभाषिक मुलाचे एकेका भाषेतील शब्द थोडे वाटले, तरी दोन्हींतील शब्द एकत्र मोजले असता ते सहसा मागे नसते. मूल दोन वर्षांचे होऊनही कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर दुसऱ्या भाषेवर खापर न फोडता त्याचे कान आधी तपासून घ्यावेत.

खरा प्रश्न आहे तो कोणती भाषा किती आणि कोणाकडून ऐकू येते, हा. बार्बरा पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायामीतील स्पॅनिश-इंग्रजी बालकांचे निरीक्षण करून १९९७ साली दाखवून दिले की, ज्या भाषेचा सहवास अधिक, तिचा शब्दसंग्रहही अधिक. हा सहवास जिवंत माणसाचा हवा. पॅट्रिशिया कूल ह्यांच्या २००३ मधील प्रयोगात अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा वेळा चिनी भाषा ऐकविली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून ती ऐकणाऱ्यांना तिचे ध्वनी ओळखू येऊ लागले. तीच व्यक्ती पडद्यावर पाहणाऱ्यांना मात्र आले नाहीत. मराठी गाण्यांची चित्रफीत लावून दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि नुसते ऐकणेही पुरत नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात आनिक द हाउवर ह्यांनी सुमारे १,९०० द्विभाषिक कुटुंबांची पाहणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सुमारे एक चतुर्थांश घरांतील मुले घरची भाषा बोलतच नव्हती. आई-वडील दोघेही घरात ती भाषा बोलत, तेथे मात्र ती बहुधा टिकलेली आढळली.

शेजारभाषेची छाया बोलण्यावर पडणारच. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि प्रमाण हिंदीत ‘ळ’ही नाही, म्हणून आमची मुले ‘माझी पुस्तक’ आणि ‘डोला’ म्हणतात. गुजरातीत ही दोन्ही आहेत. त्यामुळे बडोद्याचे मूल तेथे सहसा अडत नाही, पण ‘चाक’ मधला ‘च’ ते ‘चंद्र’ मधल्यासारखा उच्चारते. अशा वेळी हसू नये, चारचौघांत चूक काढू नये. “माझी पुस्तक कुठे आहे?” असे मुलाने विचारले, तर “तुझे पुस्तक ना? ते बघ, कपाटात आहे,” एवढेच सहज म्हणावे. टोकलेले मूल गप्प होते, आणि गप्प झालेले मूल सोयीच्या भाषेकडे वळते.

आजीचे येथे मोठे साहाय्य होते. हिंदी उत्तर आले की तिनेही हिंदीकडे वळू नये. आपला पुढचा प्रश्न मराठीतच विचारावा. रात्रीची गोष्ट मध्येच थांबवून “मग काय झाले असेल?” असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. पहिल्या दिवशी कदाचित अर्धे वाक्य हिंदीत येईल. येऊ द्यावे, उरलेले अर्धे मराठीत आले, हेही थोडे नाही.