ठिबक जोडता येतं, मग सर्टिफिकेट कशाला?

व्हिडिओत एका एकराचं गणित पटकन निघून गेलं. इथे ते सावकाश करूया.

नळ्या अंथरणं, सबमेनला भोक पाडून ग्रोमेट बसवणं, एवढं तर गावातली पोरं चार दिवसांत शिकतात. म्हणून नुसत्या जोडणीची मजुरीच मिळते. तंत्रज्ञाला पैसे मिळतात ते हिशेबाचे.

समजा, कापसाच्या दोन ओळींत 5 फूट अंतर आहे. मग एकराला साधारण 2,650 मीटर नळी लागेल. दर 40 सेंटीमीटरला ड्रिपर धरला तर झाले सुमारे 6,600 ड्रिपर. प्रत्येकाला ताशी 4 लिटर, म्हणजे तासाला जवळपास साडेसव्वीस हजार लिटर पाणी. आणि शेतकऱ्याचा पंप देतोय वीस हजार! सगळा एकर एकाच व्हॉल्व्हवर टाकलात, तर टोकाची झाडं सुकणार आणि ठपका तुमच्यावर येणार. दोन भाग करून आलटून पालटून पाणी द्या, काम होतं.

हे सगळं ‘मायक्रो इरिगेशन टेक्निशियन’ या अभ्यासक्रमात येतं. तो अ‍ॅग्रिकल्चर स्किल कौन्सिल ऑफ इंडियाचा आहे. आधीपासून काम करत असाल, तर अनुभवाला मान्यता देणाऱ्या ‘आरपीएल’ मार्गाची चौकशी करा. प्रवेशाआधी केंद्रावर स्वतः जा. चालू पंप आणि उघडून दाखवता येईल असा सँड फिल्टर आहे का, ते बघा. फळ्यावरच ठिबक शिकवत असतील, तर सरळ दुसरं केंद्र शोधा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे अनुदानाचे सेट आपोआप तुमच्याकडे येतील, असं नाही. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान आहे; पण अर्ज शेतकरीच महाडीबीटीवर करतो आणि सेट नोंदणीकृत कंपनीच्या विक्रेत्याकडून येतो. म्हणून त्या विक्रेत्याशी ओळख वाढवा. विक्रीनंतर शेतावर जाणारा माणूस त्याला हवाच असतो.

खरा धंदा देखभालीत आहे. क्षार साचतात, शेवाळ येतं, नळ्या तुंबतात. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजा. फरक वाढला की बॅकवॉश करा. क्षारांसाठी अ‍ॅसिड वापरताना आधी पाणी घ्या, मग त्यात अ‍ॅसिड सोडा. उलटं कधीच नाही, हातमोजे-चष्म्याशिवाय तर नाहीच.

सुरुवातीला महागडी अवजारं नकोत. प्रेशर गेज, पंच, मोजपात्र, घड्याळ पुरे. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली 3 मिनिटं मोजपात्र धरा, 200 मिली पाणी पडायला हवं. सुरुवातीचा, मधला, शेवटचा असे ड्रिपर मोजा आणि आकडे तारखेसह शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्या. फी तेव्हाच सांगा. तीन महिन्यांनी जाल, तेव्हा तेच ड्रिपर पुन्हा मोजा.