डोळा लाल? दरवेळी दोष मोबाईलचा नसतो!

डोळा लाल झाला की आपण आधी मोबाईललाच दोष देतो. पण सोबत दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर मला युव्हायटिसची शंका येते. यात बऱ्याचदा शत्रू बाहेरचा नसतोच. रक्त आणि रेटिना यांच्यामध्ये भिंत असते, म्हणून टी-पेशी सहसा आत येत नाहीत. पण काही टी-पेशी रेटिनातल्या प्रथिनांनाच परकं समजून बसतात, भिंत ओलांडतात आणि आयएल-१७, टीएनएफ असे रासायनिक मेसेज सोडून आणखी पेशी गोळा करतात (ग्रुपवर अफवा फॉरवर्ड होते ना, तसंच!). सूज मागच्या बाजूला असेल तर डोळा लाल न होताही धूसर दिसतं, आणि उशीर केला तर नजर जाऊ शकते. टीएनएफला अडवणारं अडालिमुमॅब अमेरिकेत २०१६ मध्ये यासाठी मंजूर झालं. घरात उरलेले स्टेरॉइड ड्रॉप्स मात्र स्वतःहून टाकू नका. संसर्ग असेल तर तो बळावतो. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली बघू द्या.