घाट चढताना डिझेल जाते कुठे?

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक गाठावे आणि तसेच पुढे आंदर मावळात शिरावे, म्हणजे ठोकरवाडीचा जलाशय लागतो. 1922 पासून टाटांच्या जलविद्युत व्यवस्थेत इथले पाणी सह्याद्रीखाली, कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीच्या वीजगृहात उतरवले जाते. घाटाच्या उंचीची तिथे वीज होते. शेजारच्या बोरघाटात याच्या नेमका उलटा व्यवहार चालतो. खोपोलीहून लोणावळ्याकडे येणारी प्रत्येक गाडी ती उंची डिझेल जाळून विकत घेते. स्वयंपाकघर, पलंग, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या घेऊन निघालेल्या मोटरहोमला ही किंमत चांगलीच जाणवते.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून अशा गाड्यांविषयी कुतूहल वाढले आहे. आपल्याकडची अनेक मोटरहोम फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलर किंवा अर्बानियाच्या सांगाड्यावर बांधली जातात. घेणाऱ्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : अ‍ॅव्हरेज किती, आणि घाटात गाडी उठते का? या दोन्हींवर बाजारात इलाजही भरपूर मिळतात. डिझेलमध्ये टाकायची औषधे, जादा हवा घेणारे फिल्टर, संगणकाचे रिमॅपिंग असे बरेच काही. मात्र इंजिनाला हात लावण्याआधी त्याच्यावर काम किती पडते, याचा हिशेब मांडायला हवा.

भरलेली मोटरहोम चार टनांची धरू. खोपोली ते लोणावळा ही चढण ढोबळमानाने साडेपाचशे मीटरची. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला सुमारे 22 मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल असतात. त्यातली 35 टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे मानले, तरी निव्वळ उंचीसाठी पावणेदोन लिटर डिझेल जाते. रस्त्याचे घर्षण आणि हवेचा विरोध यांचा खर्च वेगळाच.

आता वजन कमी करायचे ठरवले तर काय होईल? शंभर लिटरची पाण्याची टाकी मुंबईतच काठोकाठ भरून आणण्याऐवजी मुक्कामाजवळ भरली, तर शंभर किलो वाचतात. या एका चढणीपुरती बचत 40 ते 45 मिलिलिटर डिझेलची, म्हणजे किरकोळच. पण जाड प्लायवूडचे फर्निचर, शिशाच्या जड बॅटऱ्या आणि कधीच न वापरले जाणारे सामान मिळून पाच-सहाशे किलो सहज होतात. ते वजन प्रत्येक चढावर, आणि थांबून पुन्हा निघताना प्रत्येक वेळी, डिझेल मागते. तेवढीच वीज साठवणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या शिशाच्या बॅटऱ्यांच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वजनाच्या असतात, हे इथे कामी येते.

घाट संपून सपाटी लागली की हिशेब बदलतो. तिथे मुख्य सामना हवेशी.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेल्यास वेग सव्वापट होतो, हवेचा विरोध मात्र दीडपटीहून जास्त. मोटरहोमचे समोरचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर आणि आकार जेमतेम गोलसर असे धरले, तर ताशी 80 ला हवा सुमारे 670 न्यूटनने मागे रेटते आणि टायरांचे घर्षण 390 न्यूटनच्या आसपास असते. ताशी 100 ला हवेचा रेटा 1,040 न्यूटनपर्यंत जातो. दोन्हींची बेरीज करता दर किलोमीटरचे काम 35 टक्क्यांनी वाढते. 80 च्या वेगाला बारा किलोमीटर देणारी गाडी 100 ला नऊच्या खाली येते, ती यामुळे. गाडीत बिघाड असण्याची गरजच नसते.

टपावरचे कॅरिअर, उघडा एसी आणि बाजूची गुंडाळलेली कनात यांनी हवेचा विरोध दहा टक्क्यांनी वाढवला, तर 80 च्या वेगाला एकूण काम सहा टक्क्यांनी वाढते. टपावर सौर पॅनेल बसवायचे असल्यास ते टपाला चिकटून, पुढची फट बंद करून बसवावे.

एवढे झाल्यावर इंजिनाकडे वळता येते. अर्बानियातले 2,596 सीसीचे इंजिन मर्सिडीजच्या जुन्या घराण्यातले. त्याची कमाल शक्ती 115 अश्वशक्ती आणि टॉर्क 350 न्यूटन मीटर, तोही 1,400 ते 2,200 आरपीएमच्या पट्ट्यात. याच मापाचे इंजिन फोर्सच्याच गुरखा जीपमध्ये आहे. 2021 च्या गुरखात ते 91 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देत होते. 2024 च्या गुरखात हेच आकडे 140 आणि 320 झाले. सिलिंडर तेवढेच, शक्ती दीडपट. गंमत अशी की अश्वशक्तीत गुरखा पुढे असली, तरी टॉर्कमध्ये अर्बानिया वरचढ आहे. जड गाडीला चढावर हा टॉर्कच लागतो. 2,000 आरपीएमला 350 न्यूटन मीटर म्हणजे जवळपास शंभर अश्वशक्ती. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर चार टनांची गाडी ताशी 50 ने न्यायला साधारण 60 अश्वशक्ती पुरते. मग गाडी दम का टाकते?

बहुतेकदा चुकीच्या गियरमुळे. पाचव्यातच राहून आरपीएम अकराशेवर घसरले की टर्बो पुरेसा फिरत नाही आणि हवा कमी पडते. चालक अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवतो, इंजिन तापते, पण पिकअप मिळत नाही. वळणाच्या आधीच एक गियर खाली टाकला आणि काटा अठराशे ते दोन हजारांवर राखला, तर तीच गाडी शांतपणे चढते. घाट उतरतानाही गियर सोडू नये. गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आधुनिक डिझेल इंजिनाचा संगणक इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाटातल्या अनेक अपघातांचे मूळ या सवयीत आहे.

डिझेल इंजिनात शक्ती वाढवायची तर हवाही वाढवावी लागते. टर्बोने दाबलेली हवा तापून विरळ होते, म्हणून ती इंटरकूलरमधून जाते. 120 अंशांची हवा 50 अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता पाचव्या हिश्शाने वाढते. इंटरकूलरच्या जाळीत चिखल बसला किंवा त्याच्या रबरी नळीला बारीक चीर गेली, की ही कमाई निसटते. गाडी काळा धूर मारू लागते आणि अ‍ॅव्हरेज पडते. अशा वेळी गॅरेजमध्ये आधी नळी, क्लॅम्प आणि एअर फिल्टर तपासून घ्यावेत. मावळच्या पावसात आणखी एक काळजी लागते. डिझेल फिल्टरखालचे पाणी वेळेवर सोडावे. कॉमन रेल इंजेक्टर हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबावर काम करतात. पाण्याचा अंश त्यांना गंजवतो.

आता रिमॅपिंग. संगणकाला जास्त इंधन सोडायला सांगितले की शक्ती वाढते, हे खरे. पण कंपनी हे करते तेव्हा टर्बो, थंडावा, क्लच, गियरबॉक्स आणि उत्सर्जन या सगळ्यांचा मेळ पुन्हा घालते आणि प्रमाणपत्रही नव्याने घेते. नुसता संगणक बदलला, तर वाढलेली उष्णता टर्बो आणि पिस्टनवर येते. धूर गाळणारा डीपीएफ काढून टाकणे तर सरळ बेकायदा. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हे उत्सर्जन मानक लागू आहे. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मोटार वाहन कायद्याला मान्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. मोटरहोमसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानकही आहे. अशा मानकांचे काम पाहणारी, 1966 मध्ये पुण्यात स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आता टाकव्यातही पोहोचली आहे. तिथे तिचे मोबिलिटी रिसर्च सेंटर आहे.

मुक्कामी एसीसाठी इंजिन चालू ठेवणे हा डिझेलचा आणखी एक चोरखर्च. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार उभ्या गाडीचे इंजिन तासाला पाव ते अर्धा गॅलन, म्हणजे साधारण एक ते दोन लिटर इंधन पिऊ शकते. त्यातच थंड एक्झॉस्टमुळे डीपीएफमध्ये काजळी साचत जाते, कारण ती जळायला चांगली उष्णता लागते. सौर पॅनेल आणि पुरेशी बॅटरी हा खर्च थेट वाचवतात.

कुठलाही बदल केल्यावर फायदा झाला की नाही, हे मोजायची पद्धत सोपी आहे. आधी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या आसावरचे वजन वेगवेगळे घ्यावे, कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहावे आणि टायरची हवा त्यानुसार, टायर थंड असताना भरावी. मग एकाच पंपावर टाकी फुल करून निघावे आणि परतल्यावर तिथेच पुन्हा फुल करावी. मोजणी जाऊन-येऊन अशा पूर्ण फेरीची हवी. नुसते मुंबईहून पुण्याला येतानाचे अ‍ॅव्हरेज मोजले, तर घाटाचे पावणेदोन लिटर गाडीच्या माथी बसतात. पुण्याहून खाली जातानाचे मोजले, तर कुठलेही औषध गुणकारी वाटू लागते.