लेन्सची बॅग आणि टिपेश्वरची धूळ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेजवळ, टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबाच्या मानाने लहानच. सागाचं पानगळी जंगल, टेकड्या, नाले, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या पांढरकवड्याहून जवळ पडणारं सुन्ना गेट. २०१९ साली इथून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, तेलंगणातून आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा टिपेश्वरचं नाव देशभर झालं. वाघाचा फोटो काढण्याच्या इच्छेने इथे येणाऱ्यांनी पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्यायची ठरवली, की महिनोनमहिने चौकशी होते. एकमेकांचे फोटो ताडून पाहिले जातात, हप्त्यांचा हिशेब मांडला जातो. तिला ठेवायची बॅग मात्र दुकानातून निघता निघता उचलली जाते, बहुतेक वेळा ‘यात सगळं मावतं’ एवढ्या एकाच निकषावर. हा निकष चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. मोठ्या लेन्सची बॅग निवडताना पहिला प्रश्न हवा तो असा: कॅमेरा लेन्सला जोडलेला असतानाच तो या बॅगेत ठेवता येतो का, आणि तसाच एका झटक्यात बाहेर काढता येतो का? बाकीचे प्रश्न या उत्तराच्या मागून येतात.

असं का, हे समजायला सफारीत प्रत्यक्ष काय घडतं ते पाहावं लागतं. उघडी जिप्सी कच्च्या रस्त्यावरून जाते. पुढे दुसरी गाडी असेल तर तिची धूळ मागच्या गाडीवर बसते. तासभर काहीच दिसत नाही. मग चितळाचा किंवा वानराचा कॉल येतो, गाईड हात वर करतो, गाडी थांबते, आणि वाघ रस्ता ओलांडून झुडपात जातो. हा सगळा खेळ कधी अर्ध्या मिनिटात आटोपतो. या वेळात बॅगेची चेन उघडायची, एका कप्प्यातून लेन्स काढायची, दुसऱ्यातून बॉडी, दोन्हींची झाकणं काढून त्या जोडायच्या, हे जमणारं नाही. आणि जमवलं तरी त्याची किंमत मोठी असते. लेन्स उतरवली की कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडतं आणि हवेतली धूळ आत, सेन्सरपर्यंत जाते. तिचे ठिपके पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशावर किंवा पाण्यावर दिसत राहतात. म्हणून जंगलात लेन्स बदलायचीच नाही, हा नियम अनुभवी छायाचित्रकार पाळतात. हा नियम मान्य केला, तर सुटी लेन्स आणि सुटी बॉडी यांच्यासाठी नेटके चौकोन करून दिलेली बॅग सफारीत निरुपयोगी ठरते, हेही मान्य करावं लागतं.

आता मापं पाहू, कारण फसगत नेमकी तिथेच होते. निकॉनची २००-५०० मिलिमीटर लेन्स २६७.५ मिलिमीटर लांब आहे. तिला डी ५०० ही बॉडी जोडली की लांबी ३५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. सोनीची २००-६०० मुळातच ३१८ मिलिमीटरची आहे, त्यामुळे बॉडीसकट ती ४० सेंटीमीटरच्या घरात पोचते. हूड सरळ लावलं, तर त्यात आणखी भर पडते. हूड उलटं लावलं तर लांबी वाचते, पण घेर वाढतो, आणि ऐन वेळी ते फिरवून बसवण्यात वेळ जातो. दुसरीकडे, बॅगेच्या लेबलवर ठळकपणे छापलेलं माप बऱ्याचदा बाहेरचं असतं. दोन्ही बाजूंच्या फोमची जाडी त्यातून वजा केली की आतली जागा तीन-चार सेंटीमीटरने सहज कमी भरते. म्हणून घरी कॅमेरा जोडून, हूड लावून, टेपने लांबी मोजावी. सर्वांत रुंद जागेचा घेर मोजावा, खालचा ट्रायपॉडचा पाय किती पुढे येतो तेही मोजावं, आणि ते आकडे बॅगेच्या आतल्या मापाशी ताडून पाहावेत. लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरवरून बॅग घेणं म्हणजे पायाचं माप न देता चपला मागवणं.

यावर पहिला आक्षेप येतो तो माउंटचा. एवढी जड लेन्स जोडून ठेवली तर बॉडी आणि लेन्स यांच्या सांध्यावर ताण येणार नाही का? शंका रास्त आहे, पण ताण कशाने येतो हे नीट पाहिलं पाहिजे. निकॉनची २००-५०० ही लेन्स २,३०० ग्रॅमची आणि डी ५०० बॉडी ८६० ग्रॅमची. जोडीत जड आहे ती लेन्स. बॉडीला धरून लेन्स आडवी लोंबकळू दिली, तर सव्वादोन किलोंहून जास्त वजन तरफेसारखं सांध्यावर येतं. हे टाळायलाच हवं. पण लेन्स खाली आणि बॉडी वर अशी जोडी उभी ठेवली, तर सांध्यावर भार येतो तो फक्त हलक्या बॉडीचा, आणि तोही सरळ दाबाचा. आडवी ठेवायची असेल तर लेन्सच्या नळकांड्याखाली फोमची पट्टी अशी बसवावी, की वजन लेन्सवर टेकेल आणि बॉडी तिला नुसती जोडलेली राहील. वरून उघडणाऱ्या उभ्या बॅगेत, जिला दुकानदार होल्स्टर किंवा टॉप लोडर म्हणतात, पहिली रचना आपोआप साधते. अशा बॅगेच्या तळाला दोन-तीन सेंटीमीटरचा घट्ट फोम हवा, कारण खड्ड्यातला धक्का आधी तिथे पोचतो. बाहेर येणाऱ्या झूमला कुलूप असेल तर ते लावूनच लेन्स आत सोडावी.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. मोठी सॅक घेतली तर त्यात दोन बॉडी, तीन लेन्स, चार्जर, पाण्याची बाटली सगळं जातं, मग लहान बॅग कशाला? याचं उत्तर वजनात आहे. भरपूर फोमची मोठी सॅक रिकामीच अडीच-तीन किलोची असू शकते. देशांतर्गत विमानात हातात न्यायच्या बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. वरची जोडी ३.१६ किलो आणि सॅक अडीच किलो धरली, तर उरलेल्या सगळ्या सामानाला दीड किलोही शिल्लक राहत नाही. पुण्या-मुंबईहून नागपूरला उतरून टिपेश्वरला येणाऱ्याला हा हिशेब विमानतळावरच कळतो. जिप्सीत तर जागेचाच प्रश्न असतो. गाडी भरलेली असली की सॅक पायाशी ठेवावी लागते, म्हणजे सर्वांत जास्त धूळ आणि सर्वांत जास्त हादरे असतात तिथे. पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी सॅक प्रवासात चोरीपासून सुरक्षित असते, पण गाडीत ती उघडायला आडवी पाडावी लागते, आणि पूर्ण उघडली की आतल्या साऱ्या वस्तूंवर एकदम धूळ बसते. अरुंद, उभी, वरून उघडणारी बॅग सीटवर शेजारी बसते. तिचा पट्टा सीटच्या दांड्याला अडकवता येतो, आणि ती उघडली तरी तोंड लहानच राहतं.

बॅग ही सामान ठेवायची पेटी मानावी की काम करायचं साधन, हा भेद वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी फार पूर्वी ओळखला होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची एक मऊ बॅग तयार केली. खांद्याला लावलेली असतानाच तिच्यातून लेन्स काढता-ठेवता याव्यात, हा त्यामागचा विचार होता, आणि पुढे ती जगभरच्या बातमीदारांच्या खांद्यावर दिसू लागली. तिच्यात फोम फारसा नव्हता. शहरातल्या रस्त्यावर ते चालून गेलं. टिपेश्वरच्या रस्त्यावर फोम लागतोच, पण डोमके यांचा मूळ मुद्दा इथेही लागू आहे: बॅगेची परीक्षा ती उघडताना होते, बंद असताना नाही. म्हणूनच झाकण वेल्क्रोचं असेल तर विचार करावा. शांत जंगलात वेल्क्रो फाडल्याचा आवाज पाणवठ्यावरच्या हरणाला लगेच ऐकू जातो. मोठ्या दातांची, हाताला सहज सरकणारी चेन बरी. तिच्यात धूळ अडकते म्हणून प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने ती झाडावी.

तिसरा आक्षेप असा, की जोडलेला कॅमेरा हवाच असेल तर बॅगच कशाला? मांडीवर बीन बॅग, तिच्यावर लेन्स, वरून दुपट्टा टाकला की झालं. विदर्भात उन्हात डोक्याला बांधतात तो सुती दुपट्टा धुळीवर खरंच चांगला आहे, आणि वाघ जवळ आहे असं गाईडने सांगितलं की लेन्स बाहेर काढून अशी झाकून ठेवणं योग्यच. पण सफारी तीन-चार तासांची असते. त्यातला बराच वेळ नुसत्या फिरण्याचा असतो, आणि तेवढा वेळ दोन-तीन किलोंचा भार हाताने सावरत हादरे झेलले, तर ऐन क्षणी हात थकलेला असतो. शिवाय कापड धूळ अडवतं, धक्का अडवत नाही. बीन बॅग मात्र जरूर हवी, आणि तिच्यासाठी महागडी खरेदी लागत नाही. जाड कापडाची थैली शिवून रिकामीच आणावी आणि पांढरकवड्यात स्वच्छ निवडलेली तूर किंवा हरभरा घेऊन भरावी. कापसाच्या जिल्ह्यात सरकी सुचणं साहजिक आहे, पण जिनिंगनंतरही सरकीला बारीक तंतू चिकटून राहतात. तांदळाचा भुगा होतो. दोन्ही लेन्सजवळ नकोत.

या मांडणीला एक खरा अपवाद आहे आणि तो कबूल केला पाहिजे. ६०० मिलिमीटर एफ ४ सारख्या लेन्सचं गणित वेगळं आहे. कॅननची या प्रकारातली तिसऱ्या पिढीची लेन्स ३,०५० ग्रॅमची आणि ४४८ मिलिमीटर लांब आहे. तिला व्यावसायिक बॉडी जोडली की लांबी ५३ सेंटीमीटरच्या आसपास जाते, आणि विमानात न्यायच्या बॅगेची बाहेरची उंचीच साधारण ५५ सेंटीमीटर चालते. म्हणजे फोम धरून ही जोडी तिच्यात बसणं कठीण. अशा वेळी विमानात दोन्ही सुट्या न्याव्यात आणि मुक्कामाच्या खोलीत, पंखा बंद करून, जोडाव्यात. लोवेप्रोची लेन्स ट्रेकर ६०० यासारख्या लांबट बॅगा अशाच मोठ्या लेन्स बॉडीसह नेण्यासाठी बनवलेल्या आहेत. पण हा अपवाद फार थोड्यांसाठी आहे. शिवाय त्यातही तत्त्व तेच राहतं: जंगलाच्या गेटातून आत जाताना जोडी जोडलेलीच हवी.

पायी फिरणाऱ्याची गरज आणखी वेगळी असते. अभयारण्यात गाडीतून उतरता येत नाही, पण जिल्ह्यातल्या बेंबळा, अरुणावती, इसापूर यांसारख्या धरणांच्या काठी हिवाळ्यात पक्षी पाहणारा तासन्तास चालतो. एका खांद्यावरची तीन-चार किलोंची बॅग त्याची मान अवघडवते. त्याने सॅक घ्यावी, पण कमरेला रुंद पट्टा असलेली, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. आणि तिच्यातही मधला उभा कप्पा जोडलेल्या कॅमेऱ्यासाठी मोकळा ठेवावा, कारण पाणकाठच्या वाऱ्यातही धूळ असतेच. पैसे कमी असतील तर जाड फोमचं लेन्सचं पाऊच घेऊन ते साध्या पण मजबूत सॅकमध्ये ठेवावं. गावातला चांगला शिंपी जाड कापड आणि फोम घेऊन असं पाऊच मापाने शिवून देऊ शकतो, आणि ते कधी कधी विकतच्यापेक्षा नेमकं बसतं. रंग काळा नको. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि काळं कापड फिकट कापडापेक्षा जास्त तापतं. बंद गाडीत तर बॅग कोणत्याही रंगाची असो, ठेवूच नये.

आणखी एक गोष्ट, जिच्यात बॅग चांगली असली तरी नुकसान होतं. पावसाळ्यात अभयारण्य बंद होतं आणि लेन्स बॅगेतच कपाटात जाते. फोम आणि अस्तर दमट हवा धरून ठेवतात, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. काचेवर बुरशी यायला एवढं पुरे. म्हणून जूनमध्ये लेन्स बॅगेतून काढावी आणि रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत ठेवावं. बॅग मात्र उन्हात झटकून, चेन उघडी ठेवून, हवेशीर जागी टांगावी.

हे सगळं दुकानात तपासता येतं, म्हणून खरेदीला जाताना कॅमेरा लेन्सला जोडून, हूड लावूनच न्यावा. बॅग खुर्चीवर उभी ठेवावी, चेन लावावी, आणि एका हाताने उघडून जोडी बाहेर काढावी. मग परत ठेवावी. असं दहादा करावं. दहाव्यांदाही हूड अडकत नसेल, ट्रायपॉडचा पाय अस्तर ओढत नसेल आणि बॅग आडवी पडत नसेल, तर ती घ्यावी. लेन्सचे पैसे जमवायला ज्याला दोन वर्षं लागली, त्याने या चाचणीला दहा मिनिटं द्यायला हरकत नाही. सुन्ना गेटच्या आत त्याला तेवढी मिळणार नाहीत.