शाळेची सहल आणि इतिहासाचें गांव

मार्गशीर्ष उजाडला कीं बीड जिल्ह्यांतील शाळांमध्यें सहलीचे वारे वाहूं लागतात. शिक्षक वर्गणी गोळा करतात, एस. टी. च्या आगारांत गाडीसाठीं अर्ज जातो, पालकांचीं संमतिपत्रें येतात, आणि एके दिवशीं तांबडें फुटण्यापूर्वींच पन्नास मुलें दशम्यांचे डबे घेऊन शाळेच्या पटांगणांत उभीं राहतात. रात्रीं तीं परत येतात तेव्हां त्यांच्याजवळ काय असतें? बहुधा एखादें खेळणें, कांहीं छायाचित्रें आणि गाडींत म्हटलेल्या गाण्यांची आठवण. हा आनंद थोडा नव्हे. परंतु सहलीला ‘शैक्षणिक’ हें विशेषण लावावयाचें असेल, तर एवढ्यानें भागणार नाहीं.

या बाबतींत जपानचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. माध्यमिक शाळेंत असतांना दूरच्या गांवीं जाऊन चार दिवस राहणें हा त्या देशांत शिक्षणाचाच एक भाग मानतात. त्याचें तेथील नांव ‘शूगाकु र्योको’, म्हणजे विद्याभ्यासाचा प्रवास, असें आहे. इ. स. १८८६ मध्यें टोकियोच्या अध्यापक-विद्यालयांतील विद्यार्थी चिबा प्रांतांतील चोशी या समुद्रकांठच्या गांवापर्यंत पायीं गेले. वाटेंत कवायत झाली आणि निसर्गाचें निरीक्षणही झालें. त्या पदयात्रेपासून ही प्रथा सुरू झाली असें मानण्यांत येतें. पुढें आगगाडी आली, आणि ७१० मध्यें राजधानी झालेलें नारा व ७९४ मध्यें राजधानी झालेलें क्योटो हीं या प्रवासाचीं मुख्य ठिकाणें बनलीं. १९५९ मध्यें तर केवळ शालेय सहलींसाठीं खास आगगाड्या सुरू झाल्या. नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि ७५२ मध्यें बोधिसेन नांवाच्या भारतीय भिक्षूनें केला होता. आपल्या देशाचें असें एक नातें त्या जपानी मुलांच्या वाटेवर उभें आहे.

परंतु या प्रथेचें मर्म दूर जाण्यांत नाहीं. तें तयारींत आहे. मुलें आधींपासून त्या नगराविषयीं वाचतात. प्रवासाची लहानशी पुस्तिका तयार होते. खर्चाची रक्कम महिन्यामहिन्याला थोडी थोडी सांठविली जाते. नगरांत पोंचल्यावर अनेक शाळा मुलांच्या लहान तुकड्या करतात, आणि कोठें जावयाचें व काय पहावयाचें हें त्या तुकड्याच ठरवितात. म्हणजे मूल तेथें पाहुणा म्हणून जात नाहीं, शोधक म्हणून जातें.

असें इतिहासाचें गांव बीड जिल्ह्याला दूर शोधावयास नको. बालाघाटाच्या डोंगरांत जयंती नदीच्या कांठीं वसलेलें अंबाजोगाई तेथेंच आहे. अनेक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी असलेली योगेश्वरी या गांवची, म्हणून मुंबई-पुण्याच्या घरांतही हें नांव परिचित आहे. परंतु देवीचें दर्शन घेऊन गाडी परत फिरली, तर मुलांनीं गांव पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

गांवाजवळ ‘हत्तीखाना’ या नांवानें ओळखलें जाणारें शैव लेणें आहे. खडकाच्या पोटांत मंडप कोरला असून अंगणांत दगडी हत्ती उभे आहेत. येथें शिक्षकानें एकच प्रश्न विचारावा: देऊळ बांधणारा दगडावर दगड चढवितो, मग लेणें कोरणारा काय करतो? तो दगड काढून टाकतो, आणि एकदां चुकीनें काढलेला दगड त्याला परत लावतां येत नाहीं. एवढें लक्षांत आलें, तरी मुलाची नजर त्या खांबांवर अधिक वेळ ठरेल.

यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याचें नांवही या गांवाशीं जोडलेलें आहे. येथें सांपडलेल्या शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या शिलालेखांत एक कुटुंबकथा आहे. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारींत लढतांना पडला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ येथें देऊळ बांधविलें. सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्या मुलीला ही गोष्ट सांगून पहावी. सात-आठ शतकांपूर्वींची एक बहीण तिला आपल्या शेजारीं उभी असल्यासारखी वाटेल.

गांवाबाहेर दरींत मुकुंदराजांची समाधि आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेनें शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही पूर्वींचा मानतात. तो अंबाजोगाईस रचला गेला कीं विदर्भांत वैनगंगेच्या कांठच्या आंभोऱ्यास, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. हा मतभेद मुलांपासून झांकून ठेवूं नये. इतिहास पुराव्यावर उभा राहतो, आणि पुरावा अपुरा असेल तेथें निर्णय राखून ठेवावा लागतो, हा धडा येथें जितका सहज देतां येईल तितका वर्गांत येणार नाहीं.

याच गांवीं दासोपंतांचें (१५५१–१६१५) वास्तव्य होतें. त्यांनीं आपलें ‘पंचीकरण’ सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर लिहिलें. तीच प्रसिद्ध पासोडी. शाळेच्या व्हरांड्यांत दोरीनें चाळीस फूट मोजून दाखवावे, म्हणजे त्या परिश्रमाची कल्पना येते. निजामी राजवटींत या गांवास मोमिनाबाद म्हणत, आणि घोडदळाची छावणीही येथें होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरी विद्यालयांत शिक्षक होते. लेण्यांपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा एवढा काळ एका दिवसाच्या पायपिटींत बसतो.

तेव्हां सहलीपूर्वीं दोन तास नकाशा व गोष्टी, सहलींत प्रत्येक तुकडीस एक स्थळ व तीन प्रश्न, आणि परतल्यावर प्रत्येकानें एक पानभर लेखन, एवढें केल्यास खर्च वाढत नाहीं. सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुरुडच्या समुद्रांत सहलीस गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ती आठवण पालकांच्या मनांतून गेलेली नाहीं. जवळचें गांव निवडल्यानें आणि लहान तुकड्यांबरोबर एकेक मोठें माणूस दिल्यानें ही काळजी पुष्कळ हलकी होते.

मात्र एक प्रश्न याहून कठीण आहे. दिवाळी सरली कीं या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि साखरेचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कांहीं मुलें आईबापांबरोबर जातात. कांहीं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. सहलींचे दिवस नेमके हेच. म्हणजे गाडी निघते तेव्हां एक मूल फडावर असतें, आणि जें गांवांत असतें त्याची वर्गणी व संमति देणारें घरीं कोणी नसतें. हजेरीपटावर दोघांचींही नांवें असतात. गाडींत त्यांची जागा नसते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. जून-जुलैपासून महिन्याला थोडे पैसे शाळेंत सांठवावे, संमतिपत्र आईबाप गांव सोडण्यापूर्वींच घ्यावें, आणि शक्य तेथें सहल दिवाळीपूर्वींच, अश्विनाच्या उघाडींत, काढावी. मार्गशीर्षाचा मुहूर्त कोणत्याही शास्त्रांत लिहिलेला नाहीं. लक्ष्मीनें भावासाठीं उभारलेल्या देवळाची कथा ज्या गांवांत घडली, तें गांव ऊसतोड करणाऱ्याच्या मुलीचेंही आहे. गाडी सुटण्यापूर्वीं शिक्षकानें हजेरीपट एकदां उघडावा आणि कोण राहिलें तें पहावें. त्या दिवसाचा पहिला धडा तोच होय.