पहाटे अडणारी गाडी

१ जानेवारीला कोरेगाव भीमाला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघायचे म्हटले की कल्याणच्या आपल्या वस्त्यांत पहाटे चारपासून लगबग सुरू होते. डबे भरले जातात, मुलांना पांढरे कपडे घातले जातात आणि नेमकी गाडीच रुसते. दुपारी एका सेल्फमध्ये सुरू होणारी तीच गाडी पहाटे दहा वेळा घरघरते. एरवीच्या दिवशी तर हे अधिकच महागात पडते. ज्या घराची चूल शाळेच्या व्हॅनवर किंवा टुरिस्ट गाडीवर पेटते, त्या घराची सकाळची फेरी बुडाली की दिवस बुडाला आणि पालकही दुसरी व्हॅन शोधू लागतात.

अशा वेळी कोणी गाडीला लिंबू-मिरची बांधतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांच्या गाड्यांवरही ती लोंबताना दिसते, हे लिहिताना वाईट वाटते. दुसरा कोणी मेकॅनिकला बोलावतो आणि अंदाजाने आधी बॅटरी, मग प्लग, मग सेल्फ असे एकेक बदलून घेतो. दोघांचेही पैसे जातात, कारण मात्र कोणीच शोधलेले नसते. कारणावाचून कार्य घडत नाही, हे विहारात आपण ऐकतो. बॉनेटखालीही तोच नियम चालतो.

थंडीचे निमित्त तर सोडूनच द्यावे. कल्याणची थंडी ती किती! धडधाकट गाडीला तिचे काहीच वाटू नये.

पहिली तपासणी कानाने करावी. चावी फिरवल्यावर इंजिन मंद, ओढत फिरते की नेहमीच्या वेगाने फिरूनही पेटत नाही? या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. मंद फिरत असेल किंवा नुसते ‘टक’ वाजत असेल तर दोष विजेचा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मावळले तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिची टर्मिनल्स खराब आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि फक्त ‘टक’ झाले तर सेल्फकडे किंवा त्याच्या वायरीकडे वळा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. विडी-काडी जवळ नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. साधा मीटर जवळ असेल तर उत्तमच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवे. ते दिसत नसेल तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल, कारण दोष तिला भरणाऱ्या अल्टरनेटरकडे आहे.

आता दुसरी तऱ्हा, इंजिन झपाट्याने फिरते पण पेटत नाही. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ, म्हणून या दोषाकडे जास्त लक्ष द्यावे. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवरच आणि इंजिन थोडे तापले की गॅसवर जातात. पेट्रोल महाग, म्हणून मालक टाकीत लीटर-दोन लीटरच ठेवतो. पण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो. कोरडा फिरला की झिजतो, जळतो. शिवाय महिनोन्महिने साठून राहिलेले पेट्रोल शिळे होते आणि इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर धरतो. दिवसभर गाडी गॅसवर धावत असल्याने हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हिशेब निघतो तो पहाटे.

तपासणी फुकटची आहे. सेल्फ न मारता चावी ‘ऑन’वर आणा. मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल, तो पंप. चावी बंद करून पुन्हा ऑन, असे तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. गाडी लगेच सुरू झाली तर रात्रभरात पाइपातला दाब उतरतो आहे. पंपाची झडप किंवा एखादा गळका इंजेक्टर, एवढीच शोधाशोध उरली. गुणगुण आलीच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, शेवटी पंप. गुणगुण नीट असेल आणि दाबही टिकत असेल तर प्लग पाहा. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, झिजलेले प्लग तिथे आधी हार खातात. मात्र गॅसचा वास येत असेल तर चावीला हातही लावू नये. सिलिंडरचा व्हॉल्व बंद करून जाणकाराला बोलवावे.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चोक असे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ड्रायव्हर सकाळी चोक ओढून जास्त पेट्रोल देई. आजच्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो, इंजिनचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर विसंबून. सेन्सरने थंड इंजिनाला गरम म्हटले की पेट्रोल कमी पडते. हे स्कॅनर लावून मिनिटात कळते. डिझेल गाडीत ग्लो प्लग आणि पाइपात शिरणारी हवा, हे दोन संशयित आधी तपासावेत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. आज आपली मुले आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकतात. त्यांनी पान्याच्या आधी मीटर हाती घ्यावा, असे मला वाटते.

गाडीमालकांनी सीएनजी असली तरी पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. गॅरेजमध्ये ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच न सांगता काय ऐकले, दिवे मावळले की नाही, तीनदा चावी फिरवल्यावर काय झाले, ते कागदावर लिहून न्यावे. घरातल्या ताई-वहिनींनी ऐकलेलेही त्यात लिहावे, अंगणातल्या गाडीचा आवाज त्यांच्याच कानी आधी पडतो. आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.